भट्टी न पेटण्याचे फायदे

भट्टीवाल्याला मुलगी पसंत होती, मुलीला भट्टीवाला पसंत होता, आणि मुलीचे वडील अग्निशमन दलात होते. घोडं अडलं होतं ते इथंच.

पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, "काम काय करता आपण?"

"वीज तयार करतो, काका. कापणीनंतर उरलेलं काड शेतकरी जाळून टाकतात ना, ते आम्ही विकत आणतो. त्यामुळे शेतात आगच लागत नाही."

काकांचा चेहरा खुलला. त्या आगींमागे पळण्यातच त्यांची हयात गेली होती. "वा! आणि आणून काय करता त्याचं?"

"जाळतो."

त्यानंतर चहा आलाच नाही.

पुढे मुलीनं घरात जेवण आणि बोलणं दोन्ही सोडलं, तेव्हा काका एवढ्यालाच कबूल झाले, की वीजकारखाना एकदा डोळ्यांनी बघीन, मग हो की नाही ते सांगीन. ठरल्या दिवशी ते दलाची लाल गाडी घेऊनच आले.

"मुलगा बघायला आलोय," फाटकावर ते म्हणाले. "पण गाडी असू द्या जवळ."

आणि नेमकी त्याच दिवशी भट्टी पेटेना. दुरुस्तीनंतर ती पहिल्यांदाच सुरू व्हायची होती. भट्टीवाल्यानं डिझेल ओतलं, पंखे लावले, आधी गोंजारून पाहिलं, मग शिव्या घातल्या. आतून नुसती वाफ आली. शेवटी त्यानं काडाचा एक गठ्ठा फोडून आत हात घातला, तर कोपरापर्यंत भिजला.

तो धावत यार्डात गेला. तिथं राखणदार गंजीवर नळीनं पाणी मारत उभा होता. कुंपणावर कारखान्याच्या साहेबांची पाटी होती : 'काड पेट घेऊ शकते. दक्षता घ्यावी.' राखणदार गेले कित्येक दिवस दक्षता घेत होता. अगदी मनापासून.

"अहो मामा, हे जाळायचंय आपल्याला!"

"मग पाटी काय मी लावली?"

एवढ्यात मागून काका आले. त्यांनी गंजीत हात खुपसला, बाहेर काढला आणि ओल्या तळव्याकडे बघतच राहिले.

"एवढी मोठी गंजी, आणि चिंब! सगळी नोकरी आगी विझवण्यात गेली, पण असं यार्ड नाही बघितलं. ही अक्कल कुणाची?"

भट्टीवाला तोंड उघडणार, तोच साहेब तणतणत आले. त्यांनीही गठ्ठा दाबला, त्यांच्याही बुटांवर पाणी गळलं.

"ही अक्कल कुणाची?" साहेब गरजले.

राखणदारानं नळी पाठीमागे लपवली. नळी चालूच होती, त्यामुळे त्याची विजार सावकाश भिजू लागली. भट्टीवाल्यानं साहेबांकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. साहेबांना मुलगी नव्हती.

"माझी," तो म्हणाला.

"उद्यापासून तोंड दाखवू नकोस!"

"अहो, असा माणूस घालवताय?" काका कळवळून म्हणाले.

"भट्टी पेटत नाहीये त्याच्यामुळे!"

"तेच तर म्हणतोय मी."

साहेबांनी कपाळावर हात मारला. काड आत नेणारा पट्टाही ओल्या चोथ्यानं तुंबला होता, तेव्हा नवा माल घेणं बंद. फाटकाबाहेर काड भरून आलेले ट्रॅक्टर कुरकुरत माघारी वळले. शेतकऱ्यांनी ट्रॉल्या आपापल्या शेतात रिकाम्या केल्या आणि कारखाना यायच्या आधी जे करत होते ते केलं. बघता बघता चहूबाजूंनी धुराचे लोट उठले.

काकांच्या चालीत एकदम तरुणपणा आला. गाडीतून त्यांनी जादा हेल्मेट काढलं, भट्टीवाल्याच्या डोक्यावर ठेवलं आणि हनुवटीखालचा पट्टा स्वतःच्या हातानं आवळला.

भट्टीवाल्यानं चाचरत विचारलं, "काका, दलात जागा आहे का हो एखादी?"

"सकाळपर्यंत नव्हती," काका धुराकडे मायेनं बघत म्हणाले. "आता निघेल. चला, जावईबापू."