माझ्या पुढच्या चाकातली टकटक

मित्रांनो, मी एक जुनी आठ सीटची व्हॅन आहे. रंगाने पांढरी आहे, म्हणजे होते. आता माझे मालक 'मळकट पांढरी' म्हणतात, तेही माझं मन राखायला. मी थकले आहे हे आधीच सांगते. सांगता सांगता मध्येच दम खायला थांबले तर रागावू नका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. कुणी मला दारं बसवली, कुणी काचा. पुढची चाकं स्टिअरिंगला जोडणारा एक माणूस होता. प्रत्येक बोल्ट आवळून झाला की तो त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायचा, म्हणजे 'हा मी तपासला' अशी खूण. त्या रेघा केव्हाच चिखलाखाली गेल्या.

मालकांनी मला नवीकोरी असताना घेतलं आणि एकाच कामाला लावलं. सकाळी घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांना उचलायचं, दिवसभराच्या विरंगुळा केंद्रात सोडायचं आणि संध्याकाळी ज्याला त्याला दारात उतरवायचं. कुणाचा कमरेचा पट्टा, कुणाची कवळी, कुणाच्या हातातला थरथरता डबा. जणू कडेवरचं झोपलेलं मूल जागं होऊ नये अशा बेताने मालक वळण घेत. "तुझ्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही," असं मागच्या सीटवरच्या मावशी रोज म्हणायच्या. स्तुती कुणाला नको असते? मीही फुगायचे.

मग मालकांचा उजवा खांदा आखडला. घरात त्यांनी 'थोडा धरलाय' एवढंच सांगितलं. प्रत्यक्षात हात छातीच्या वर जात नव्हता. पण माणूस युक्तीचा. वळण दिसलं की ते कितीतरी आधी वेग उतरवत आणि डाव्या हाताने स्टिअरिंग इंच इंच सरकवत. बघणाऱ्याला वाटे, वा, काय जपून चालवतात.

आणि गंमत बघा, त्याच दिवसांत माझाही एक सांधा गेला. पुढच्या चाकापाशी लोखंडाची एक गोटी वाटीत बसवलेली असते. तिच्यावरच चाक वळतं. माझी वाटी झिजली. कुणी झटकन वळवलं की गोटी वाटीवर आपटणार आणि 'टक' वाजणार. पण मालक झटकन वळवतच नव्हते. स्वतःचा खांदा सांभाळता सांभाळता ते नकळत माझा सांधाही सांभाळत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, दोघांचीही.

शेवटी डॉक्टरांनी त्यांना स्टिअरिंग सोडायला लावलं, घरात त्यांनी 'जरा विश्रांती' एवढंच सांगितलं, आणि थोरली माझ्या सीटवर आली. थोरली म्हणजे मालकांची मोठी मुलगी. तिने काही वर्षं एका लाँड्रीचा टेम्पो चालवला होता. तिचं चालवणं सरळ होतं. वळण आलं की वळायचं, त्यात नवस बोलायचे नाहीत. पहिल्याच दिवशी केंद्राच्या फाटकातून आत वळताना मी वाजले. टक.

"क्लच नीट दाब," शेजारी बसलेले मालक म्हणाले.

क्लचचा काही संबंध नाही, आवाज पुढून खालून येतोय, असं थोरलीने सांगितलं. मागे लगेच सभा भरली. एक आजोबा म्हणाले, माझी काठी घरंगळली असेल. मावशी म्हणाल्या, उगाच गाडीला नावं ठेवू नका, तो माझा गुडघा आहे. सगळे हसले, मालक सोडून. दुसऱ्या दिवशीही टक, तिसऱ्या दिवशीही टक. मग एकदा रिकाम्या रस्त्यावर मालकांनी सीट मागून घेतली आणि तेच वळण स्वतः घेऊन दाखवलं. मी गप्प. माझा इलाजच नव्हता. त्यांनी मुलीकडे नुसतं बघितलं.

मला मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्री हुशार, पण सवयीचा गुलाम. त्याने जॅक लावून मला उचललं आणि लोंबकळणारं चाक हाताने हलवून बघितलं. उचललं की माझं वजन चाकावरून उतरतं, तशी गोटीही वाटीत अंग चोरून बसली होती. त्याला काही सापडलं नाही. एक रबर बदललं, तरी आवाज होताच. मग तो दोघांबरोबर एक एक फेरी मारून आला. बाप चालवतो तेव्हा शांत, लेक चालवते तेव्हा टक. उतरून त्याने पाने पेटीत टाकले.

त्या संध्याकाळी मालक घराच्या पायरीवर बायकोशी बोलत होते. केंद्र चालवणाऱ्या बाईंना दुसऱ्या दिवशी, शनिवारी, उत्तर द्यायचं होतं, पुढे कायमची गाडी कोण चालवणार म्हणून.

"दुसरी गाडी बघा म्हणून सांगतो उद्या," मालक म्हणाले. "थोरलीचा हात जड आहे. म्हातारी माणसं तिच्या हातात कशी देऊ?"

थोरली माझ्या पलीकडच्या बाजूला काचा पुसत होती. ते त्यांना दिसलं नाही. ती तीच काच पुन्हा पुन्हा पुसत राहिली. मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. मित्रांनो, इतकी वर्षं ओझी वाहिली, पण इतकं जड मला कधी वाटलं नव्हतं.

सकाळी मालक केंद्राकडे निघाले, माझ्या स्टिअरिंगवर तीच होती. वाटेत तिने त्यांना मिस्त्रीकडे थांबवलं. एकदाच, मग तुम्हाला हवं ते सांगा, म्हणाली. मिस्त्रीने जॅक ओढला, तशी तिने त्याला अडवलं.

"तुम्ही तिला उचलून तपासता. उचललेली असताना ती वाजतच नाही. तिचं ओझं तिच्याच पायांवर राहू दे आणि मग बघा."

मिस्त्री विचारात पडला. त्याच्या गॅरेजमध्ये खाली उतरून काम करायचा खड्डा होता, पण कित्येक वर्षं त्यात जुने टायर भरून ठेवलेले. खड्डा अडला म्हणून जॅक, आणि जॅक होता म्हणून खड्ड्याची आठवण नाही. तिघांनी टायर उपसले, मालकांनी डाव्या हातानेच. मला खड्ड्यावर उभं केलं. मिस्त्री दिवा घेऊन खाली उतरला आणि मालकांना म्हणाला, बसा आणि स्टिअरिंग डावं-उजवं हलवा.

मालकांनी हलवलं, इंच इंच.

"असं नाही भाऊ. झटके द्या."

त्यांनी एक झटका दिला. त्यांचा चेहरा पिळवटला आणि हात मांडीवर पडला. खालच्या मिस्त्रीला हे दिसलं नाही, पण थोरली खिडकीपाशीच उभी होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला वळवताच येत नाही. म्हणून ती तुमच्या हातात वाजत नाही."

मालक सीटवरून उतरले. थोरली बसली आणि तिने स्टिअरिंगला डावीकडे-उजवीकडे हिसके दिले. टक, टक, टक. इतक्या दिवसांचं सगळं मी एकदाचं बोलून टाकलं.

"सापडलं," खालून मिस्त्री म्हणाला. "भाऊ, इकडे या. इथे हात ठेवा."

मालक खड्ड्यात उतरले. त्यांनी डावा तळवा माझ्या सांध्यावर ठेवला. वर लेक हिसके देत होती आणि मी बापाच्या तळहातावर आपटत होते. मिस्त्री म्हणाला, वेळेवर आलात, हा सांधा एखाद्या वळणावर निखळला असता तर चाक आडवं झालं असतं, भरल्या गाडीत. मालकांनी हात काढला नाही. तसेच वर बघून म्हणाले, "तुझा हात चांगला आहे गं. मीच ऐकलं नाही."

थोरलीने स्टिअरिंग सोडलं आणि डोळे पुसले. मला रडता आलं असतं तर मीही रडले असते.

नवा सांधा बसला. मालकांनी आपणहून शेजारच्या सीटचं दार उघडलं. चौकात थोरलीने मला झटकन वळवलं आणि मी वाजले नाही.

"केंद्र त्या बाजूला आहे," मालक म्हणाले. "बाईंना सांगायचंय, सोमवारपासून कायम तूच चालवणार म्हणून."

"सांगू की. आधी तुमच्या डॉक्टरांकडे जाऊ."

एरवी ते 'काही होत नाही' म्हणाले असते. या वेळी रस्त्यातल्या एका खड्ड्यात मी आपटले, तेव्हा त्यांनी खांदा धरला आणि ते लेकीदेखत कण्हले.

मित्रांनो, जुनी गाडी कुरकुरली तर आधी चालवणाऱ्याला बोल लावू नका, वाकून हात लावून बघा. आणि तुमच्या घरात कुणी फारच जपून वागत असेल, तर त्याला काही दुखत नाही असं समजू नका. त्याचं ओझं त्याच्या पायांवर असताना त्याला विचारा, आणि तो 'काही नाही' म्हणाला तरी पुन्हा एकदा विचारा.