एरंडेलाची मात्रा

एर्सिलिया पंधराव्या वर्षापासून वडिलांच्या औषधाच्या दुकानात उभी राहत होती. कुणी काहीही मागितलं की तिच्या तोंडून आपसूक निघायचं, "कुणाला द्यायचंय? वय काय?" मात्रा चुकली तर जीव जातो, हे वडिलांनी तिच्या अंगी पुरतं भिनवलं होतं.

एकोणीसशे बावीस सालच्या त्या शनिवारी वडील आत झोपले होते. तिचा धाकटा भाऊ देचो दुकानात आला. अंगात फॅसिस्टांचा काळा शर्ट, बाहेर तसेच काळे शर्टवाले चौघे.

"ताई, एरंडेल दे. मोठी बाटली."

"कुणाला द्यायचंय? वय काय?"

बाहेरचे खो खो हसले.

"वय एकतीस," देचो म्हणाला. "डाव्या पायाने लंगडतो. मजुरांना संपाची चिथावणी देतो."

तिने उचललेली बाटली खाली ठेवली. पो नदीकाठच्या त्यांच्या गावात असा माणूस एकच होता, आणि द्राक्षं उतरली की तिचं त्याच्याशी लग्न ठरलेलं होतं.

"देचो, अरे, आर्तेमियो आहे तो!"

"म्हणून तर नुसतं एरंडेल पाजतोय. पोरं दंडुके घेऊन निघाली होती, मीच अडवलं. आणि वर माझ्यावरच ओरड! चारला जातोय आम्ही. त्याला कळवलंस तर त्याचे लोक बंदुका घेऊन बसतील. मग भाऊ मेला समज."

आईविना वाढलेल्या देचोला तिने स्वतःच्या हाताने भरवलं होतं. तिने बाटली भरली, पण जीव जाणार नाही इतकीच. आर्तेमियोची खोली पाच मिनिटांवर होती आणि हातात चांगला तासभर होता. एर्सिलियाबाईंनी तो तास धुतलेल्याच बाटल्या पुन्हा धुण्यात घालवला. भावाची माया होती, खोटं कशाला बोला, पण स्वतःच्या जिवाची भीतीही तेवढीच होती. मात्रा बरोबर दिली, असं ती मनाला बजावत राहिली.

चारनंतर चौकातून हसण्याचा गदारोळ आला. घाण झालेल्या विजारीत त्याला दोरीने बांधून फिरवत होते. एर्सिलियाने दुकानाचं दार लावून घेतलं.

सोमवारी ती कोंबडीचं सूप घेऊन त्याच्याकडे गेली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"एर्सी, तू नाही ना पाहिलंस?"

"मी मावशीकडे गेले होते."

"सुटलो गं. बाटली तुमच्याच दुकानातली होती. पण म्हटलं, तू असतीस तर धावत आली असतीस. तुझ्या बाबांनी दिली असणार."

खरं बोलायची वेळ हीच होती, हे तिला कळत होतं. शरमेने तिचे कान तापले.

"हो," ती म्हणाली. "बाबा फार भित्रे आहेत."

तो वळला, आणि तिने पुढे केलेला चमचा त्याने निर्धास्तपणे तोंडात घेतला.