मीठ घालणारा हात

पावसाळ्यात जाड्या मिठाचा एक खडा कोरड्या दगडावर ठेवून पाहा. सकाळी ठेवलात तर दुपारी त्याच्याखाली ओलं वर्तुळ दिसेल. ते पाणी कुणी ओतलेलं नसतं. मीठ ते हवेतून ओढून घेतं आणि धरून ठेवतं. माझा तळ त्याच ओलीनं काळा पडला आणि माझ्या एका कोपऱ्यातली चीरही त्याच ओलीनं रुंदावली.

मित्रांनो, मी मिठाची पेटी. फणसाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली. मला कुठं जोड नाही की खिळा नाही, कारण खिळा मिठानं गंजून जातो. काळी नदीवर धरण व्हायच्या कितीतरी आधी, पुढं त्या धरणात बुडालेल्या सुपे गावाचा आठवड्याचा बाजार अजून भरत होता तेव्हा, गुंद गावातल्या झिलूनं मला घडवलं. नवी नवरी काशी घरात आली त्या वर्षीची गोष्ट. त्यानं माझ्या झाकणावर कोयत्याच्या टोकानं भाताची एक लोंबी कोरली. ती अजून बोटाला लागते.

माझ्या वयाच्या वस्तूनं शांत आवाजात बोलावं अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. मी रागावलेली आहे आणि हा राग कुणावर आहे ते सांगायलाच मी बोलते आहे.

त्या काळी मीठ घाटाखालून बैलांच्या पाठीवर येई. पावसाळ्यात वाट बंद झाली की गावात बिनमिठाची पेज शिजायची. काशीचं बालपण तसल्या पेजेवर गेलं होतं. म्हणून झिलूच्या घरी आल्यावर तिनं ठरवलं की आपल्या हंड्याला मीठ कमी पडू द्यायचं नाही. पेज खारट, भाजी खारट, शिवाय पावसाळ्यासाठी मोठ्या मडक्यात खारवलेले फणसाचे गरे आणि कैऱ्या. पाहुणा पहिला घोट घ्यायचा आणि मान डोलवायचा. ती मान घराची अब्रू होती, आणि त्या अब्रूत माझाही वाटा होता. लोक म्हणायचे, काशीची पेटी कधी रिकामी नसते.

घरात एक नियम होता. मीठ घालणारा हात एकच, घरातल्या थोरल्या बाईचा. दोघींनी दोनदा घातलं तर अन्न वाया जाईल, म्हणून. पुढं सून आली, फुला. रांधायची ती, पण पेज शिजली की हंड्यापाशी उभी राहून सासूला हाक मारायची, “आत्ती, मीठ!” मग काशी यायची, माझं झाकण उघडायची आणि मूठ भरायची. दुसरी एक रीतही होती. मीठ कुणाच्या हातात द्यायचं नाही, खाली ठेवायचं आणि समोरच्यानं उचलायचं. हातात दिलं की भांडण होतं म्हणायचे.

झिलूला पन्नाशीच्या आसपास डोकेदुखी जडली. सकाळी उठला की मानेमागं ठणकायचं. नांगर सोडून बांधावर बसायचा. म्हणायचा, घेरी येते. गावात घेरीला एकच कारण ठाऊक होतं. उन्हात घाम गेला, घामातनं मीठ गेलं, अंगातलं मीठ उतरलं. खऱ्या घामाच्या दिवसांत ते खरंही असतं. पण झिलूला घेरी थंडीतही यायची, सावलीतही यायची. तरी उपाय तोच. काशी त्याच्या वाडग्यात जास्तीची मूठ घालायची. खळ्यावर मळणी चालू असताना तो बसल्या जागी कलंडला. तोंड एका बाजूला वाकडं झालं. लोक म्हणाले, वारं लागलं. पेरणीपर्यंत तो जगला नाही.

त्यानंतर काशी पेजेत मीठ घालताना तिची मूठ हंड्यावर क्षणभर थांबायला लागली. माझ्याशिवाय ते कुणी पाहिलं नाही.

महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती, तेव्हा हिवतापाच्या गोळ्या वाटत एक फिरतीचा डॉक्टर गावात आला. आमच्या ओसरीवर बसला. काशी शेतात होती. फुलानं चूल सोडून पाणी नेऊन दिलं आणि खांबाला धरून उभी राहिली.

“काय होतं, बाई?”

“काय न्हाई. जरा गरगरतंय. सकाळी डोस्कं धरतंय.”

डॉक्टरानं एक लाकडी पेटी उघडली. तिच्या झाकणात काचेची नळी होती आणि नळीत पारा. त्यानं फुलाच्या दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, कानाला लावायची दुसरी नळी कोपराच्या खळगीत ठेवून ऐकलं. पारा चढला, हळूहळू उतरला. त्यानं पुन्हा मोजलं. मग फुलाचा नवरा परशू याला जवळ बोलावलं.

“हिच्या रक्ताचा दाब फार वाढलाय. पाटाला पाणी जास्त झालं की बांध कुठं फुटेल सांगता येत नाही ना? तसं आहे हे. घरात मीठ किती खाता?”

फुलानं मला उचलून ओसरीवर आणलं आणि त्या पाऱ्याच्या पेटीशेजारी ठेवलं. डॉक्टरानं माझ्या आत पाहिलं आणि कपाळावरून हात फिरवला.

“मिठानं अंगात पाणी धरून राहतं,” तो म्हणाला. “दाब त्यानंही वाढतो.”

“मग बाटली द्या की, दाक्तर,” परशू म्हणाला.

“याची बाटली माझ्याकडे नाही. हिच्या खाण्यात मीठ नको. खारातले गरे, लोणचं, सुकी मासळी बंद. तोंडातला तंबाखू बंद. डोक्यावरून लाकडाचा भारा आणायचा नाही, दुपारी जरा आडवं व्हायचं. भाजीपाला भरपूर. बेचव लागलं तर भिरंडाचं आमसूल टाका, पण बिनमिठाचं. रोज चालायचं, मात्र ओझ्याशिवाय. नाहीतर ही एक दिवस अशीच पडेल. घरात सांगशील ना?”

“सांगतो की. आयेला सांगतो.”

मित्रांनो, त्यानं काय सांगितलं ऐका. संध्याकाळी काशी परतली तेव्हा परशू म्हणाला, “दाक्तर म्हनला, शेवग्याचा पाला चांगला.” बस. एवढंच!

मिठाचं फुलालाच सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी हंड्याजवळ उभी राहून ती हळूच म्हणाली, “आत्ती, दाक्तर मला मीठ नको म्हनलाय. तुमी मीठ घालायच्या आदी माज्यापुरती पेज काढून ठेवू?”

काशी गर्रकन वळली. “येगळी पेज? आज येगळी पेज, उद्या येगळी चूल. घर फोडायचं हाय व्हय तुला?”

“तसं न्हाई वो आत्ती. मिठानं ह्यो आजार वाढतोय म्हनला, घेरीचा.”

“घेरीचा?” काशीचा आवाज चिरका झाला. “मग तुज्या सासऱ्याला म्या इख घातलं म्हन की! म्हन, ह्या हातानं घातलं म्हन!”

फुलाची मान खाली गेली. परशू तिथंच बसला होता. डॉक्टराचा प्रत्येक शब्द त्यानं ऐकला होता. त्यानं आढ्याकडं पाहिलं, जणू कौलं मोजायची राहिली होती. त्या क्षणी मला तोंड असतं तर मी त्याला चावले असते.

मग उपाय सुरू झाले. मला हसू येत नव्हतं, संताप येत होता. शेवग्याचा पाला आला. काशीनं तो मीठ चोळून शिजवला. कुणी सांगितलं, लसूण चांगला. लसणाची चटणी झाली, वर माझी मूठ. शेजारची केशर लिंबू घेऊन आली. त्याचं लोणचं घातलं. डॉक्टराचं बाकीचं सांगणं फुलाकडून कळल्यावर काशीनं तिचा भारा मात्र काढून घेतला, दुपारी तिला दटावून निजवलं, तिची तंबाखूची पुडी चुलीत टाकली. तिचा सुनेवर जीव होता, हे मला नाकारता येत नाही. म्हणूनच राग अधिक येतो. घरात आणायचा प्रत्येक उपाय त्या घराला मान्य होता. काढून टाकायचा तेवढा एक मान्य नव्हता. पाला गुणाचा असतो, लसूणही असेल, विश्रांती तर असतेच. पण एका हातानं बांध घालायचा आणि दुसऱ्या हातानं पाट फोडायचा, याला काळजी म्हणू नका. तेव्हा या दुखण्याला गोळी नव्हती. आज आहे, आणि डॉक्टर देतील ती तुमच्या आईनं चुकवता कामा नये. पण गोळी घेऊन वर पापडाची चळत खाणारी घरं आजही आहेत. त्यांच्या मिठाच्या बरण्या बोलत नाहीत, म्हणून मी बोलते.

भाताची लावणी उरकली, त्या आठवड्यातली गोष्ट. ऐन दुपार होती. फुला हंड्यात पळी फिरवत होती. पेज शिजली तशी तिनं हाक मारली, “आत्ती, मी...” पुढचा शब्द आलाच नाही. पळी हातातून सुटली. तिनं ती उचलायला हात नेला, पण हात दुसरीकडंच गेला. काशी आत आली आणि दारातच खिळली. फुलाच्या ओठाची डावी कड खाली ओघळली होती.

विस्तव मागायला आलेली केशर ओरडली, “अगं बाई! काशीकाकी, दिष्ट लागली पोरीला!”

काशीनं माझ्यातून मूठ भरली, फुलाच्या डोक्यावरून ओवाळली आणि चुलीत टाकली. मीठ तडतडलं. माझ्यातलं कुणाला अपाय न करता गेलेलं मीठ ते तेवढंच. दोघींनी फुलाला भिंतीला टेकवून बसवलं. हळूहळू ओठ जागेवर आला. तिनं बोटं उघडली, मिटली. “कडू... कडूस पडलं का?” असं काहीतरी जड जिभेनं बोलली. संध्याकाळ कसली, बाहेर लख्ख ऊन होतं.

“आली शुद्धीवर,” केशर म्हणाली. “आता मिठाची पेज घाल तिला. मीठ उतरलंय पोरीचं. चांगली मूठभर घाल, हात आखडू नको.”

काशीनं पुन्हा मूठ भरली. ती हंड्याकडं वळली आणि तिचा हात थांबला. या वेळी क्षणभर नाही. वाफ तिच्या मनगटावर येत होती, मुठीतलं मीठ ओलं होऊन बोटांच्या फटीतून पाझरत होतं, तरी हात तसाच होता. मी माझ्या सगळ्या लाकडानिशी ‘नको’ म्हणत होते.

दारातून परशू बोलला, “आये, घालू नगं. दाक्तर मलाबी म्हनला हुता. पडंल म्हनला हुता ही.”

“आनि तू आता त्वांड उघडतुयास?” काशी त्याच्याकडं न बघता म्हणाली. “बायकू लोळायला लागल्यावर?”

परशू उंबऱ्यातच खाली बसला.

“तुज्या बाचं त्वांडबी असंच झालं हुतं,” काशी म्हणाली. “ह्याच बाजूला.”

तिनं मूठ माझ्यावर आणली आणि उघडली. ओला गोळा माझ्या तळाशी पडला. तिनं झाकण लावलं, लोंबीवरून अंगठा फिरवला. मग तिनं मला उचललं, फुलासमोर बसली, आणि खाली न ठेवता मला सरळ तिच्या दोन्ही हातांत दिलं.

केशर पुटपुटली, “काकी, हातात? भांडान हुतंय.”

“हूं दे,” काशी म्हणाली. मग ओसरीपर्यंत जाईल अशा आवाजात ती बोलली, “आजपास्नं ह्या घरच्या हंड्यात मीठ पडायचं न्हाई. ज्याला पायजे त्यानं आपल्या पानात मागून घ्यावं, आनि ते फुलाकडं मागावं.”