खिळ्यावर टांगलेला तिसरा गिअर

मी तीस दातांचा गिअर बोलतोय. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चालू पडा. गोड बोलायची मला सवय नाही.

सायकलच्या पायडलजवळ आम्ही तिघे भाऊ. थोरला सपाट रस्त्याचा, मधला रोजचा आणि मी धाकटा, फक्त चढाचा. चेन माझ्यावर आली की पाय भराभर फिरतात, सायकल हळू जाते, पण गुडघ्यावर जोर येत नाही. एवढंच माझं काम. नऊ वर्षं केलं, एकही दात पडू दिला नाही.

मालक शिंपी, वय अठ्ठावन्न. दर रविवारी टेकडीवर थोरल्या बहिणीकडे जायचा. ताई एकटी, पायानं अधू, आणि त्या चढावर बस जात नाही. तिसऱ्या वळणावर याचा श्वास लागला की खट्ट करून मला हाक. वर पोचला की ताई ओरडायची, "आलास का रे? केवढा घाम! बस आधी!"

मग मेहुण्यानं नवी सायकल घेतली. पुढे दोनच गिअर. आमच्याकडे बघून खिदळला, "भावोजी, तीन गिअर? त्यापेक्षा काठी घ्या की हातात!"

झालं! शिंपी दुसऱ्याच दिवशी सायकलवाल्याकडे. तो म्हणाला, "काका, चढ तुम्हाला चढायचाय, मेहुण्याला नाही. तरण्या पायांना दोन पुरतात. तुमचे तीनच बरे."

"तू डबल बसव. शहाणपणा नको."

"बसवतो. जुना सेट मी ठेवतो, पण हा धाकटा तुम्ही जपा. लागेल."

जपला म्हणे! शिवणयंत्राच्या वरच्या खिळ्याला टांगलंय मला, आणि माझ्या गळ्यात मेजपट्टी. पहिल्या रविवारी हा अर्ध्या वाटेतनं लंगडत परत आला. दुसऱ्याही. मग जाणंच बंद. ताईचा फोन आला की म्हणतो, "गिऱ्हाइकांची घाई आहे गं." बायको करवादते, "गुडघा गेला म्हणून सांगा की!" हा मुंडी खाली घालून काजं करत बसतो.

आज सकाळी ताई फोनवर म्हणाली, "रागावले नाही रे. पण दर रविवारी दाराशी खुर्ची टाकून बसते, शेजारीण हसते. यायचं नसेल तर सांग, खुर्ची आत घेते."

आणि हा? "बघू गं."

डोकं फिरलं माझं. अरे शिंप्या, गिऱ्हाइकाचं पोट सुटलं की तू कमरेला दोन बोटं जास्त सोडतोस. वर त्याला सांगतोस, "कपडा आपल्या अंगाला बसला पाहिजे, लोकांचं काय?" मग स्वतःच्या गुडघ्याला मेहुण्याचं माप कशाला लावलंस? तो येतो का चढावर तुला ढकलायला?

माझं सोड. मी लोखंड आहे, गंजेन, पडून राहीन. ताई सत्तरीची आहे. तिला तू आणखी किती रविवार दारात बसवणार?

आज शनिवार. सायकलवाला सातपर्यंत दुकानात असतो. ऊठ!