बठ्ठा चेंडू, बठ्ठी रेघ

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी सोनगीरच्या घराघरांत घागर भरतात. नवी कोरी मातीची घागर, काठोकाठ पाणी, त्यावर डांगर म्हणजे आपलं खरबूज, शेजारी आंबे आणि सांजोऱ्या. घरातून गेलेली माणसं त्या दिवशी उन्हातून उंबऱ्यापर्यंत येतात, पाणी पितात आणि आपल्या वाटेला लागतात, असं जुनी माणसं सांगतात. आणि ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलं असेल, त्या घराने तर घागर चुकवूच नये. पहिली घागर मिळाली नाही, तर त्या जिवाला पुढेही जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही.

पुष्पाबाईंनी घागर भरली नव्हती.

त्यांचा भूषण गावाच्या संघाचा गोलकीपर होता. डावखुरा. मागच्या आखाजीला धुळ्याच्या संघाशी सामना झाला, त्यात चेंडू रेघ ओलांडून गेला की नाही यावरून भांडण पेटलं आणि सामना निकालाविनाच मोडला. भूषण उन्हातच हुज्जत घालत उभा राहिला. संध्याकाळी त्याला ऊन लागलं. धुळ्याच्या दवाखान्यात तो पाणी मागत होता. पोटात काही ठरत नाही म्हणून डॉक्टर सलाईनच लावत होते. पाणी मागता मागताच तो गेला. पुष्पाबाई मात्र कुणापाशी “गेला” म्हणत नसत.

म्हणून त्या सकाळी नवल गुरुजी स्वतःच घागर आणि डांगर घेऊन आले. अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत फुटबॉल शिकवलेला. आखाजीला धुळ्याशी होणाऱ्या सामन्याचे आजही पंच तेच होते.

“घागर कसाले आनी, गुरुजी? मना पोऱ्या गया नही,” पुष्पाबाई म्हणाल्या.

गुरुजींनी वाद घातला नाही. पोर चुकलं तर आधी त्याच्याशेजारी बसायचं, ही त्यांची जन्माची रीत. ते ओट्यावर बसले.

“चेंडू रेघवरच व्हता,” पुष्पाबाई पुन्हा बोलल्या. “तो शेवटलोंग आसंच सांगे. कोनी ऐकं नही त्यानं.”

“त्यानाकरता तं यंदा क्यामेरा लावेल शे, बाई. रेघवर म्हंजे काय, ते तुमले दखाडू?”

त्यांनी ओट्यावर सुतळी ताणून ठेवली आणि डांगर हळूच तिच्यावरून सरकवलं. “आते सांगा. गया का?”

“गया ना.”

“नही. वरतून दखा. एक कड आजून सुतळीवर शे. बठ्ठा चेंडू, पुराना पुरा, बठ्ठी रेघ वलांडी, तवयच गोल. थोडा बी आठे ऱ्हायना, तं तो आठेच.”

पुष्पाबाईंनी डांगराच्या सुतळीवरच्या कडेवर बोट ठेवलं. “मंग मना भूषण बी आठेच शे,” त्या म्हणाल्या.

भूषण इथेच आहे! एवढ्या वर्षांत एखाद्या विद्यार्थ्याने धडा असा उलटा घेतल्याचं गुरुजींना आठवेना. घागर कोपऱ्यात ठेवून ते मैदानाकडे गेले.

दुपार कलल्यावर पुष्पाबाईही गेल्या. पोराचं म्हणणं खरं होतं, हे कुणीतरी कबूल करावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मैदान किल्ल्याच्या पायथ्याशी. दोन्ही गोलांच्या रेघेवर कॅमेरे लावलेले. ते होते किरणचे. किरण लग्नाचं शूटिंग करायचा. मांडवात लावतो तोच मोठा टीव्ही त्याने ताडपत्रीखाली मांडला होता.

“किरणभाऊ, गोल दखाडजो रे, नवरदेव नको!” कुणीतरी ओरडलं.

“नवरदेव बी उंबरा वलांडस, तवय क्यामेरामा पक्का धरस मी,” किरण म्हणाला, आणि सगळे हसले.

बरोबरी काही सुटेना. सामना संपत आला तसा धुळ्याच्या प्रशीलने चेंडू मारला. सोनगीरचा गोलकीपर रुपचंद फार पुढे आलेला. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला आणि जाळी फुगली. पुष्पाबाईंनीही पाहिली ती फुगताना. धुळ्याची पोरं नाचू लागली. सोनगीरकर, नेमाप्रमाणे, “गया नही, गया नही” ओरडू लागले. पण त्या ओरडण्यात दम नव्हता.

“क्यामेरा दखा,” गुरुजी म्हणाले.

टीव्हीवर चेंडू आला, टप्पा पडला, आणि रेघेवर थांबला.

किरणने मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा चेंडू थांबला. जाळी हललीसुद्धा नाही.

“अडकनं तुनं डबडं!” प्रशील ओरडला. “जाळी हलेल आम्ही बठ्ठासनी दखी!”

“अडकेल नही, भाऊ.” किरणचा आवाज बारीक झाला होता. “बाकीनं दखा ना.”

बाकी सगळं चालूच होतं. कोपऱ्यातलं निशाण फडफडत होतं. धुळ्याची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. रुपचंद डोक्याला हात लावून लांब उभा होता. फक्त चेंडू रेघेवर, जमिनीपासून वीतभर उंच, लटकून राहिला होता. आणि थरथरत होता; कुणी जोर लावून धरल्यासारखा.

ताडपत्रीखालची गर्दी टीव्हीकडे सरकली.

किरणने चित्र मोठं केलं. चेंडूच्या डाव्या अंगाला खळगे पडले होते. बोटं रुतावीत तसे.

पुष्पाबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी काचेवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. भर उन्हात ठेवलेल्या तव्यासारखी काच तापली होती.

“डावा हात शे,” त्या म्हणाल्या.

धुळ्याचा एक जण काही बोलणार होता, प्रशीलनेच त्याला दंडाला धरून थांबवलं. सगळे गुरुजींकडे पाहू लागले. शिट्टी त्यांच्या ओठांशी होती, पण ते वाजवत नव्हते.

“गुरुजी,” पुष्पाबाईंनी विचारलं, “तो वरीसभर आठेच उभा व्हता का? ह्या उनमा?”

“जो बठ्ठा गया नही, तो गयाच नही,” गुरुजी हळू म्हणाले. “नियम तं मीच शिकाडा त्याले.”

पुष्पाबाईंनी पाहिलं, टीव्हीत चेंडू अजून थरथरत होता. धरणारा थकला होता. जिंकण्यासाठी त्याने धरला नव्हता, हे आईला कळायला कॅमेरा लागत नाही. त्याला कुणी सोड म्हटलंच नव्हतं.

पुष्पाबाई वळल्या आणि घराकडे चालू लागल्या. चालता चालता पळू लागल्या.

घरी त्यांनी कोपऱ्यातली घागर उंबऱ्यापाशी मांडली. रांजणातलं पाणी तांब्यातांब्याने ओतून काठोकाठ भरली. डांगर ठेवायला हात पुढे केला, तो तसाच थांबला. ते ठेवलं की झालं, हे त्यांना कळत होतं. बाहेर गल्लीत वारा पडला होता. कुत्रं भुंकत नव्हतं, मैदानाकडूनही आवाज नव्हता. उंबऱ्यापलीकडे मात्र ऊन एका जागी दाटल्यासारखं दिसत होतं. माणसाएवढं.

“भूषण,” त्या म्हणाल्या. “तुनंच खरं व्हतं रे. रेघवरच व्हता. बठ्ठासनी दखं.”

मग त्यांनी डांगर घागरीवर ठेवलं.

“पी ले, बापा. नि सोड आते.”

तेवढ्यात मैदानाकडून शिट्टी आली. लांब, एकच. तिच्यामागून धुळ्याच्या पोरांचा जल्लोष, तोही सुरू होतो न होतो तोच विझल्यासारखा.

दिवेलागणीला गुरुजी आले. गोल दिला म्हणाले. “बठ्ठा टीव्हीकडेच दखी ऱ्हायनात, बाई. किरणनी हात बी लायेल नव्हता. चेंडू आपसूक रेघपल्याड...”

“माले माहीत शे,” पुष्पाबाई म्हणाल्या. “बसा. चहा ठेवस.”

गुरुजी ओट्यावर बसले. घागरीकडे पाहून त्यांनी डांगर जरा उचललं. पाणी काठाशी नव्हतं. गळ्याच्याही खाली गेलं होतं.

कोरी माती पाणी पिते आणि बाहेरून पाझरते, हे गुरुजी पोरांना दरवर्षी शिकवत. ते बाहेरून घागरीला हात लावून पाहू लागले. घागर कोरडी होती, आणि खालची जमीनही.

त्यांनी डांगर होतं तसं परत ठेवलं.