पिशवीत राहिलेली छिन्नी

मित्रांनो, हातोडीचे घाव खाऊन खाऊन डोके छत्रीसारखे पसरट झालेली मी एक जुनी छिन्नी आहे. एका लोहाराने मोडक्या ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा लालबुंद तापवला, ठोकला, पाण्यात बुडवला आणि मला घडवले. मग एका गवंड्याने माझ्या धारेवरून अंगठा फिरवला, मान डोलावली आणि मला पिशवीत टाकले. त्याला आता बावीस वर्षे झाली.

घराच्या बाहेरच्या भिंतीवरील भेगा बुजवण्यात त्याचा हातखंडा होता. पण तो आधी भेग बुजवत नसे, वाढवत असे. मला भेगेत धरून सगळा भुसभुशीत गिलावा पाडायचा, धूळ झाडायची, पाणी मारायचे, मगच दोन थरांत सिमेंट-वाळूचा माल भरायचा. ते पाहून घरमालक धावत बाहेर येत.

"अहो, मिटवायला बोलावलं तुम्हाला, तुम्ही तर खिंडार पाडताय," ते म्हणत.

"कुजकं आत ठेवलं तर वरचं टिकत नाही," तो शांतपणे सांगे. त्याचे काम दहा-दहा वर्षे टिके. लोक त्याचे कौतुक करत आणि मला वाटे, त्यात थोडे माझेही आहे.

आता जे सांगायचे आहे, ते सांगताना मला लाज वाटते.

त्याच्या थोरल्या बहिणीच्या घराला खिडकीच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत तिरकी भेग गेली होती. पावसाची झड नेमकी त्याच भिंतीवर येई. तिने दोनदा निरोप पाठवला, तेव्हा एकदाचा तो गेला. पण दुपारी त्याला एका डॉक्टरांच्या बंगल्यावर पोहोचायचे होते. ताई आत चहा ठेवत होती. त्याने पिशवीत हात घातला, त्याची बोटे मला लागली, क्षणभर थांबली, आणि त्याने थापी उचलली. भेगेवर वरच्या वर माल फासला, रंधा फिरवला. भिंत गुळगुळीत दिसू लागली.

"ताईचंच तर घर आहे. पुढं बघू सवडीनं," तो पुटपुटला.

आणि मी? खरे सांगते, मला बरे वाटले. एक दिवस डोक्यावर घाव नाहीत, म्हणून मी पिशवीत सुखाने पडून राहिले.

पावसाळा येऊन गेला. डॉक्टरांच्या बंगल्यानंतर दुसऱ्या बंगल्याचे काम आले. ताई भेटेल त्याला सांगे, "भिंत आमच्या धाकट्यानं केली. त्याच्या हाताला तोड नाही."

वर्षभराने एका कामावरून परतताना तो सहज तिच्याकडे डोकावला. भाऊजींची खाट स्वयंपाकघरात, ओट्याला लागून होती. ते उशीला टेकून बसले होते. दोन शब्द बोलले की त्यांना धाप लागत होती.

"इथं का झोपतात भाऊजी?"

"त्या खोलीत वारा येत नाही रे," ताई म्हणाली.

भेगेची भिंत त्याच खोलीची होती. तो आत गेला. कपाट त्या भिंतीला लावलेले होते. त्याने ते सरकवले. मागची भिंत ओलीगच्च होती, फुगून काळी पडली होती. बुरशीचा वास नाकात शिरला.

"कधीपासून?" त्याने विचारले.

"पहिल्याच पावसापासून. डॉक्टर म्हणाले, ओलीनं यांची छाती धरली."

"मला सांगायचं नाहीस का ताई?"

ती पदराशी चाळा करत राहिली. तो खाली बसला. "ताई, मी भेग उघडलीच नव्हती. नुसतं वरून फासलं."

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "मी चहा करत होते ना. ठोकल्याचा आवाज एकदाही आला नाही."

तो उठला. बाहेर जाऊन त्याने मला काढले. त्या दिवशी त्याने मला इतके ठोकले, की माझी धार दोन ठिकाणी तुटली. ओला गिलावा ढिगाने खाली आला. भिंत सुकल्यावर त्याने ती भरली, आणि पुढचे सात दिवस रोज सकाळी स्वतः येऊन तिच्यावर पाणी मारले. भिंत बरी झाली. भाऊजी मात्र अजून अर्धा जिना चढून थांबतात, कठड्याला धरून.

मित्रांनो, भिंतीला भेग दिसली तर ती आधी पुरती उघडू द्या. धूळ उडेल, आवाज होईल, होऊ द्या. आणि आपल्या माणसाचे काम आहे म्हणून ते मागे टाकू नका. आपली माणसे तक्रार करत नाहीत. ती ओलीवर कपाट सरकवून घेतात.