आधी सुताराचा अंगठा

बंदुकीचा अक्रोडी दस्ता टेबलावर आडवा पडला होता, तेल लावून निजवलेल्या तान्ह्यासारखा. नळी बसली होती, रंधा फिरला होता. त्याच्या कुशीत एक खाच तेवढी कापायची राहिली होती. ती कुणाच्या मापाची कापायची, यावरून आखातातल्या हवल्लीतल्या छोट्या कारखान्यात सकाळपासून वाजिद सुतार आणि मुनव्वर यांची जुंपली होती.

टेबलावर चकमकीच्या दोन कळा ठेवल्या होत्या. ठासणीच्या बंदुकीचं काळीज म्हणजे ही कळ. चाप ओढला की घोडा पडतो, त्याच्या जबड्यातली गार, म्हणजे चकमकीचा दगड, पोलादी झडपेवर घासते, ठिणगी रंजकाच्या, बारीक दारूच्या, वाटीत उतरते आणि बार उडतो. एक कळ मालकानं, फैसलनं, परदेशातून मागवलेली. तिच्यावर चांदीची वेलबुट्टी, नव्या नवरीच्या हातावर मेंदी असावी तशी. दुसरी वाजिदनं स्वतः जुळवलेली, काळपट, रांगडी. तिची झडप त्यानं तीनदा तापवून तीनदा तेलात विझवली होती.

"मालकाची बसव आन् मोकळा हो," मुनव्वर म्हणाला. तो तलवारींना पॉलिश करायचा. दोघंही बाणकोटच्या खाडीवरचे. "सोमवारी जहरा गावी त्यांच्या घरचं लगीन हाय. मालकाचा म्हातारा बाप तलवारीच्या नाचात बंदूक घेऊन उभा राहणार, सगळी जमात बघणार. तुजं लोखंड कोण बघंल?"

"बघायला नाय केलेलं, भाई. पेटायला केलंय."

वाजिदनं कानस उचलली. वेलबुट्टीच्या झडपेवर ओढली, तर तिनं साबणात सुरी शिरावी तसा घास घेतला. आपल्या झडपेवर ओढली. कानस किंचाळून घसरली. ओरखडासुद्धा नाही; ठिणगी अशाच कडक पोलादातून झडते.

ओठातल्या ओठात तो गुणगुणला. गावात लग्नं लागली की त्याची आई गाणी म्हणायची. चाल तिचीच होती, शब्द मात्र त्याचे:

गारेच्या गं पोटी, बाई, आग निजली तान्ही
खऱ्या पोलादाची हाक तिला येई कानी

"गा, गा! अकामा रद्द झाला की बाणकोटच्या जेटीवर बसून गा."

मुनव्वर हसत बोलला, पण ते खोटं नव्हतं. वाजिदचा अकामा, त्याचं या मुलखातलं राहणं, फैसलच्या सहीवर होतं. घरी दोन पोरी शिकत होत्या.

तेवढ्यात फैसल आत आला. हातात खजुराचा डबा, अंगाला अत्तराचा घमघमाट.

"वाजिद! खाच झाली?"

"नाही, अबू यासिर." थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायची इथली रीत वाजिदच्या जिभेवर आता रुळली होती. "तुमच्या कळेसाठी मी खाच कापणार नाही."

पॉलिशचं चाक थांबलं. मुनव्वरनं कपाळाला हात लावला.

"कापणार नाहीस?" फैसल हसला. "दुकान माझं, परवाना माझ्या बापाचा, आणि ठरवणार तू?"

"लाकूड एकदा कापलं की परत येत नाही, म्हणून आधीच सांगतो. घोडा अर्धा चढवला की तो तिथं ठाम बसला पाहिजे, चाप ओढला तरी. वाटीत रंजक भरताना तोच भरवसा असतो. तुमच्या कळेचा घोडा तसा बसत नाही. तुमच्या बाबांचे हात थरथरतात. शेजारी पुतणे, नातू उभे राहणार."

"एवढ्या मोठ्या कारागिराची वस्तू खोटी, आणि तुझी खरी? तू तर होड्यांचा सुतार!"

वाजिदचे कान तापले. पण आवाज चढला नाही.

"हो, होड्यांचा. माझा बाप सांगायचा, नवी होडी पाण्यात लोटली की आधी सुतारानं बसायचं. बुडाली तर आधी तो बुडेल."

त्यानं काळी कळ व्हाइसच्या पकडीत आवळली, घोडा अर्धा चढवला आणि गारेची धार आणि झडप यांच्यामध्ये आपला उजवा अंगठा ठेवला. सुताराचा अंगठा. त्याच्यावरच तर घर चाललेलं.

"चाप इथं या दांडीला जोडतात. दाबा."

"वेडा आहेस."

"दाबा, अबू यासिर. जोर लावून."

फैसलनं दाबली. मग दोन्ही हातांनी दाबली. घोडा हलला नाही. वाजिदची पापणीही.

वाजिदनं अंगठा काढला, वेलबुट्टीची कळ तशीच आवळली, घोडा तसाच अर्धा चढवला आणि बाजूला सरकला.

"आता तुम्ही ठेवा. दांडी मी दाबतो."

फैसलचा हात पुढं आला. बोटातली अंगठी चमकली. हात मधेच थबकला, डब्याकडं वळला, आणि अंगठ्याच्या जागी खजूर ठेवला गेला.

वाजिदनं दांडीला नुसतं बोट टेकवलं. खट्! खजुराची दोन शकलं झाली.

फैसलचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यानं वेलबुट्टीची कळ खिशात टाकली. "सुतार काय तू एकटाच आहेस?" म्हणत तो दार आपटून गेला.

वाजिदनं पेन्सिल घेतली. काळी कळ दस्त्यावर ठेवून तिच्या कडेनं रेघ ओढली.

"डोकं फिरलं काय तुजं? मालक हो कुठं बोलला?"

"नाय तरी कुठं बोलला?"

आणि त्यानं पटाशी ठोकली. अक्रोडाची पहिली ढलपी उडाली. आता परतीची वाट नव्हती. पोरींचे चेहरे डोळ्यांपुढं आले. त्यानं पटाशी आणखी घट्ट धरली.

असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग झाली तेव्हा खाच पुरी झाली होती. कळ तिच्यात अशी बसली की कडेला कागदही शिरेना. दार उघडलं. फैसल एकटाच होता; बरोबर दुसरा सुतार नव्हता. त्यानं खाच पाहिली, खाचेवरून बोट फिरवलं.

"ही कुरूप आहे. लोक हसतील."

"हसू देत. हसायला तोंड शाबूत असावं लागतं."

फैसलच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यानं ते दाबलं. "सोमवारी पहिला बार कोण उडवणार?"

"मी उडवणार. मग बाबांच्या हाती देईन."

"निदान हिच्यावर थोडी नक्षी तरी कर."

"नाही," वाजिद म्हणाला. "हवी तर दस्त्यावर करीन."

फैसलनं खिशातली वेलबुट्टीची कळ काढून काचेच्या कपाटात, विकायच्या नाहीत त्या शोभेच्या वस्तूंमध्ये ठेवली.

"दस्त्यावर काय काढशील?"

वाजिदनं पेन्सिल कानावरून उतरवली.

"होडी."